चिकटलेलं फुप्फुस बदलताना रक्त का जातं आणि ते कसं आवरतात

विचारणा थोडक्यात अशी. थोरला भाऊ, वय ४६. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) बरीच वर्षं काढली, आता सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. मधे टीबीचा कोर्स झाला. दोनदा फुप्फुस फुटून छातीत हवा भरली, दोन्ही वेळा नळी घालावी लागली. दुसऱ्या वेळी पुन्हा फुटू नये म्हणून नळीतून औषध सोडून फुप्फुस छातीला चिकटवलं. आता चेन्नईच्या एका सेंटरने दोन्ही फुप्फुसं बदलायला सांगितली आहेत आणि संमतीपत्रावर ‘रक्तस्रावाचा धोका जास्त’ असं हाताने लिहून सही मागितली आहे. धाकटा भाऊ विचारतो: हा धोका म्हणजे नक्की काय, रक्त जायला लागलं तर डॉक्टर काय करतात, आणि गावाकडून वीस-पंचवीस पोरं रक्त द्यायला न्यायची का?

मी हृदय-फुप्फुसाच्या ऑपरेशनचा भूलतज्ज्ञ. दक्षिणेतल्या प्रत्यारोपण युनिटमध्ये काम करून आता इकडेच आहे. टाके सर्जन घालतो. गेलेलं रक्त मोजणं, भरून काढणं आणि उरलेलं गोठतंय की नाही हे बघणं माझ्याकडे असतं, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

रक्तस्राव हा शब्द हर्नियाच्या संमतीपत्रावरही छापलेला असतो. तुमच्या बाबतीत तो हाताने लिहिलाय, म्हणजे कोणीतरी जुने कागद नीट वाचलेत. मला त्या सेंटरबद्दल ही गोष्ट चांगलीच वाटते.

आता रक्त येतं कुठून ते. बहुतेकांना वाटतं नवं फुप्फुस जोडलं की जोडातून गळतं. जोडातूनही गळू शकतं, पण तुमच्या दादांसारख्या रुग्णात खरी अडचण जुनं फुप्फुस बाहेर काढतानाच येते. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. मोठी वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून येते, तिथला वरचा दाब निरोगी माणसात २५ च्या आसपास. दुसरी वाट बारीक: महाधमनीतून निघून श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या धमन्या. यांच्यातला दाब आपण दंडावर मोजतो तोच, १२० च्या घरातला. निरोगी माणसात या वाटेने शेकडा एक-दोन भागच रक्त जातं. पण टीबी, ब्राँकिएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या फुगून राहणं), सिलिकोसिस अशा आजारात वर्षानुवर्षं दाह राहिला की त्या धमन्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. त्यात फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असेल, तर बरगड्यांमधल्या धमन्याही त्या चिकटलेल्या जागेतून आत शिरून फुप्फुसाला रक्त द्यायला लागतात. म्हणजे सोडवायच्या प्रत्येक पापुद्र्यात एक-दोन जिवंत धमन्या, तेही पूर्ण दाबाच्या.

फुप्फुस निघालं की मागे राहते सोललेली भिंत. एक मोठी शीर फुटली तर ती दिसते, बांधता येते. इथे पावसाळ्यात दगडी भिंतीला ओल सुटते तसं सगळीकडून थोडंथोडं झिरपत असतं. सर्वांत वाईट जागा म्हणजे वरचं टोक (तिथे हाताकडे जाणाऱ्या मोठ्या नसा अगदी जवळ), पाठीच्या कण्यालगतची खोबण आणि खाली पडद्याजवळचा कोपरा. पडद्याची नस हृदयाच्या आवरणावरून उतरते. ती दुखावली तर नवं फुप्फुस कितीही चांगलं असो, श्वास ओढणारा पडदाच हलत नाही. म्हणून रक्त थांबवायला तिथे करंट (विजेने डागणं) बिनधास्त लावता येत नाही.

सिलिकोसिसची आणखी एक खोड आहे. फुप्फुसाच्या मुळाशी, जिथे धमनी, शिरा आणि श्वासनलिका एकत्र आत जातात, तिथल्या गाठींत कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या होतात आणि शेजारच्या रक्तवाहिनीला घट्ट धरतात. गाठ सोडवायला गेलं की वाहिनीची भिंत तिच्याबरोबर निघून येण्याची भीती. अनुभवी सर्जन अशा वेळी गाठीशी झुंजत बसत नाही. हृदयाचं आवरण उघडून आतल्या बाजूने, जिथे वाहिनी अजून मऊ आहे तिथे, तिला आधी दोरीत घेतो. मग बाहेर काहीही फाटलं तरी लगाम हातात असतो.

आता वेळेचा भाग. माझ्या मते रक्तस्रावाचा निम्मा निकाल इथेच लागतो. दात्याच्या शरीरात रक्तपुरवठा थांबल्यापासून साधारण ६ तासांत फुप्फुस जोडून रक्त सुरू व्हावं, हा अजूनही चालणारा हिशेब. साध्या रुग्णात जुनं फुप्फुस काढायला फार वेळ लागत नाही. चिकटलेल्या रुग्णात एकेका बाजूला दोन-दोन तास जाऊ शकतात. तेव्हा तिकडे दात्याकडे गेलेल्या टीमने ‘फुप्फुस घेण्याजोगं आहे’ असा फोन केला की इकडे लगेच छाती उघडायची, आणि नवं फुप्फुस येईपर्यंत दोन्ही बाजूंचं सोडवणं जमेल तितकं उरकायचं. मुख्य म्हणजे हे सगळं हेपॅरिन देण्याआधी. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, जे रुग्णाला हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर घेताना द्यावंच लागतं. ते गेल्यावर पापुद्रे सोडवायला लागलात तर तीच भिंत दुप्पट झिरपते.

यंत्र कोणतं, यालाही महत्त्व आहे. जुन्या हार्ट-लंग मशीनला वजनाच्या किलोमागे ३०० युनिटच्या पुढे हेपॅरिन लागतं. एक्मोला, म्हणजे रक्त बाहेर काढून ऑक्सिजन भरून परत देणाऱ्या छोट्या बंद यंत्राला, ५० ते १०० मध्ये भागतं. म्हणून बऱ्याच युनिटांत आता फुप्फुस बदलताना एक्मो पहिली पसंती असते आणि हार्ट-लंग मशीन अडचणीसाठी बाजूला तयार ठेवतात. तुमच्या सर्जनला हे नक्की विचारा: ‘एक्मोवर करणार का, आणि गरज पडली तर मोठ्या मशीनवर जायची तयारी खोलीतच असते का?’

प्रत्यक्ष रक्त जायला लागलं की काय होतं ते जवळून सांगतो. एक्मोवर असताना रक्त कमी पडतंय हे पुष्कळदा मॉनिटरच्या आधी नळी सांगते. शरीरातून रक्त ओढून आणणारी जाड नळी थरथरायला लागते. पंपाचे फेरे तेवढेच, पण प्रवाह चार लिटरवरून तीनवर घसरलेला. नवखा माणूस फेरे वाढवतो. त्याने ओढ वाढते, रिकामी शीर नळीच्या तोंडाला चिकटते आणि थरथर आणखी वाढते. करायचं उलट: फेरे थोडे कमी करायचे आणि शरीरात रक्त भरायचं. त्याच वेळी नर्स वापरलेले मॉप (रक्त टिपायची कापडं) काट्यावर ठेवत असते. कोरड्या मॉपचं वजन वजा केलं की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलीलिटर रक्त. सक्शनच्या बाटलीत दिसतं त्यापेक्षा मॉपमध्ये लपलेलं कधीकधी जास्त निघतं, त्यामुळे नुसत्या बाटलीवर हिशेब करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मग लोकांना वाटतं, पिशव्या चढवा. पिशव्या चढवायच्याच, पण आधी तीन साध्या गोष्टी बघायच्या. अंग गार पडलंय का? शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की गोठवणारे घटक असूनही मंद चालतात, म्हणून प्रत्येक थेंब गरम करूनच आत जातो. रक्त आम्लाकडे झुकलंय का? आणि कॅल्शियम उतरलंय का? पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेलं असतं. ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमविना गुठळी धरतच नाही. हे तीन जागेवर नसतील तर हजारो रुपयांचं औषध गटारात गेल्यासारखं आहे. गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड तर ऑपरेशन सुरू होतानाच चालू केलेलं असतं. तेही मापात, कारण डोस फार झाला तर नंतर झटके येऊ शकतात.

यानंतर प्रश्न येतो की रक्तात नेमकं काय कमी पडलंय. नेहमीच्या लॅबमधला पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा, रिपोर्ट हातात येईपर्यंत पाऊण तास जातो आणि तोवर रुग्ण दुसऱ्याच अवस्थेत असतो. टेग किंवा रोटेम नावाचं यंत्र थेंबभर रक्ताची गुठळी आमच्या डोळ्यांसमोर धरून दाखवतं: धरायला उशीर होतोय, की धरली पण लेचीपेची आहे, की घट्ट धरून परत विरघळतेय. पहिला अंदाज दहा-पंधरा मिनिटांत येतो. ज्या सेंटरमध्ये हे यंत्र ओटीच्या शेजारी आहे आणि रात्री दोनलाही ते चालवणारा माणूस आहे, तिथे अंदाधुंद रक्त चढवलं जात नाही.

मोठ्या रक्तस्रावात बहुधा सगळ्यात आधी फायब्रिनोजेन संपतं. गुठळीचं जाळं याचंच विणलेलं असतं. रक्त जात असताना ते डेसिलिटरमागे १५०-२०० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचं नाही. प्लेटलेट यंत्रात चेंगरून नुसत्या संख्येने उरतात, काम करत नाहीत, म्हणून एरवी चालणारा आकडा इथे चालत नाही. रक्त थांबत नसेल तर एक लाखाच्या वर ठेवायच्या.

आता खरी कोंडी. नव्या फुप्फुसाच्या लिम्फच्या वाहिन्या कापलेल्या असतात, त्यामुळे आत साचलेलं पाणी वाहून न्यायची त्याची सोय तात्पुरती बंद असते. शिवाय काही तास बर्फात काढल्याने त्याच्या केशवाहिन्या पाझरतात. अशा फुप्फुसाच्या माणसाला तुम्ही प्लाझ्मा, सलाईन, रक्त ओतत गेलात तर ते सगळं फुप्फुसात उतरतं. पहिल्या ७२ तासांत नवं फुप्फुस नीट काम न करण्याचा जो प्रकार असतो, त्याच्या कारणांत भरमसाट रक्त चढवणं हे एक मानलेलं कारण आहे. म्हणजे रक्त नाही दिलं तर माणूस जातो, आणि फार दिलं तर ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते फुप्फुस जातं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं जितक्या पिशव्या तितकी काळजी. तसं नाही.

म्हणून आम्ही कमी पाण्यात जास्त माल शोधतो. ५० किलोच्या माणसाला प्लाझ्मा परिणामापुरता द्यायचा तर ५०० ते ७५० मिलीलिटर लागतो, आणि तो गोठलेला असतो, वितळवायलाच वीस-तीस मिनिटं जातात. उलट फायब्रिनोजेनची पावडर, दोन ग्रॅम, १०० मिलीलिटरमध्ये बसते. गोठवणाऱ्या चार घटकांचं काँसंट्रेट चाळीसेक मिलीलिटरमध्ये. ही औषधं महाग आहेत, बिलावर डोळ्यांत भरतात. तिथे कोणी ‘हे नको, प्लाझ्मा स्वस्त आहे’ असा हट्ट धरू नये. अर्थात यांनाही धार आहे. गरजेपेक्षा जास्त दिलं तर एक्मोच्या नळीत किंवा नव्या जोडात गुठळी होऊ शकते. सातवा घटक म्हणून जे इंजेक्शन मिळतं ते तर मी सगळे उपाय थकल्यावरच हातात घेतो. आणि रक्त धो-धो जात असताना हा मोजूनमापून कारभार बाजूला ठेवायचा. तेव्हा लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट सारख्या प्रमाणात, एकामागून एक, रिपोर्टची वाट न बघता.

धो-धो म्हणजे कधी? फुप्फुसाची मोठी धमनी किंवा डाव्या कर्णिकेची कड फाटली, चिमटा निसटला, तर काही सेकंदांत शेत दिसेनासं होतं. शेत म्हणजे आम्ही ऑपरेशनची जागा म्हणतो ती. त्या क्षणी सर्जनने करायची गोष्ट एकच: बोट ठेवायचं आणि थांबायचं. टाका घालायचा मोह आवरणं फार अवघड, कारण समोर रक्त दिसत असतं. पण बोटाखाली रक्त थांबलंय तोवर मला दोन मिनिटं मिळतात. गळ्यातल्या जाड नळ्यांमधून गरम रक्त भरून दाब परत आणायला तेवढी पुरतात. नंतरच टाका. तरीही जमत नसेल तर पूर्ण हेपॅरिन देऊन मोठ्या मशीनवर जायचं. तिच्यात टाकी असते, त्यामुळे छातीत सांडलेलं रक्त ओढून थेट परत शरीरात देता येतं. एक्मोच्या बंद वर्तुळात ती सोय नाही. सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र एक्मोबरोबर वापरतात, पण त्यातून फक्त लाल पेशी परत येतात, गोठवणारं सगळं धुतलं जातं. फुप्फुसात पू असलेल्या रुग्णात तेही वापरायला हात कचरतो. सिलिकोसिसमध्ये सहसा ती अडचण नसते.

कधी कधी सगळं करूनही भिंत झिरपतच राहते. तेव्हा छातीत मॉप दाबून भरायचे, वरून नुसतं झाकायचं, छाती शिवायची नाही, आयसीयूत न्यायचं. अंग गरम करायचं, रक्ताची घडी बसवायची आणि २४ ते ४८ तासांनी परत येऊन मॉप काढून छाती बंद करायची. एक्मो चालू असेल तर प्रवाह चांगला ठेवून काही काळ हेपॅरिनशिवायही चालवतात. ‘छाती उघडी ठेवलीय’ असं कळल्यावर नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. पण हा हात टेकल्याचा प्रकार नाही, ठरवून घेतलेला निर्णय असतो. सुजलेल्या नव्या फुप्फुसाला छाती शिवून आवळण्यापेक्षा बरं.

आयसीयूत छातीच्या नळ्यांकडे बघत बसाल, म्हणून एक सांगतो. ताशी २०० मिलीलिटरच्या आसपास रक्त काही तास येत राहिलं तर परत ओटीत जायचा विचार सुरू होतो. पण नळी एकदम कोरडी पडली आणि त्याच वेळी दाब उतरतोय, नाडी वाढतेय, तर ती चांगली खबर नव्हे. नळीत गुठळी अडकून रक्त आत साचत असण्याची शक्यता असते. तिथले लोक हे बघतातच. तुम्ही मात्र ‘आता नळीत काहीच येत नाही, बरं झालं’ असं गावाकडे फोनवर सांगायची घाई करू नका.

आता इकडे बसून तुम्ही काय करायचं. चेन्नईला जाण्याआधी बेळगावात होणाऱ्या गोष्टींनी धोका खरोखर कमी-जास्त होतो. दोन्ही वेळच्या नळीचे डिस्चार्जचे कागद शोधा, कोणत्या बाजूला, कधी, आणि चिकटवायला कोणतं औषध सोडलं, हे त्यात असतं. सीटी स्कॅनमध्ये चिकटलेपणाचा अंदाजच येतो, कागद नक्की सांगतो. कोणती बाजू आधी काढायची हे ठरवतानाही त्याचा उपयोग होतो. आता परत फुप्फुस फुटून हवा भरली तर जवळच्या दवाखान्यात नळी जरूर घाला, जीव आधी. पण पुन्हा चिकटवायचं औषध सोडण्याआधी डॉक्टरांना चेन्नईच्या टीमशी फोनवर बोलायला लावा.

औषधांची पूर्ण यादी द्या. दादांना निंटेडॅनिब (फुप्फुस कडक होणं मंद करणारी गोळी) चालू असेल, रक्त पातळ करणारं काही असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाता कोणत्या रात्री मिळेल हे ठरलेलं नसतं, त्यामुळे ‘ऑपरेशनच्या सात दिवस आधी बंद’ हा नेहमीचा नियम इथे लागूच पडत नाही. क्लोपिडोग्रेलसारखी प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी असेल तर तिच्या जागी दुसरं काय, हे आत्ताच ठरायला हवं. गुटी, काढे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या यांचीही नावं सांगा. लाजू नका, आम्हाला सगळ्यांची सवय आहे.

हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून इथे कोणी ‘ताकदीसाठी एक पिशवी चढवू’ म्हणालं तर थांबा. परक्याचं रक्त चढलं की शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. लोह कमी असेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देऊन भरून काढता येतं. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा.

नाव कुठल्या राज्याच्या यादीत, हा सीमाभागातला नेहमीचा घोर. २०२३ मध्ये केंद्राने अवयवासाठी नोंद करायला रहिवासाचा दाखला लागण्याची अट काढून टाकायला राज्यांना सांगितलं. नोंद रुग्णालयामार्फत होते. चेन्नईत करणार तर तिथल्या यादीत. मात्र बोलावणं आलं की बेळगावहून निघून चालत नाही, आधीपासून तिथे खोली घेऊन राहावं लागतं. आणि सिलिकोसिस हा कामातून होणारा, सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. दादांचं ईएसआय कार्ड असेल तर भरपाईचे कागद आत्ताच हलवा. नंतर धावायला कोणी मोकळं नसतं.

राहिली पोरं. वीस-पंचवीस जणांना गाडीत घालून चेन्नईला नेऊ नका. त्या रात्री लागणारं रक्त आधीच तपासून ब्लड बँकेत असावं लागतं. आयत्या वेळी दिलेली पिशवी तपासण्या होऊन हातात येईपर्यंत ऑपरेशन पुढे गेलेलं असतं. शिवाय तुम्ही सख्खे भाऊ, तुमचं आणि मुलांचं रक्त दादांना द्यायचं तर ते आधी किरणांनी प्रक्रिया केलेलं असावं लागतं, नाहीतर तुमच्या पेशी त्यांच्या अंगात शिरून त्यांच्यावरच उलटण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार होऊ शकतो. तिथली ब्लड बँक बदली रक्तदाते मागेल. त्यासाठी चेन्नईत कामाला असलेली ओळखीची चार-सहा माणसं बघून ठेवा. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, म्हणून यंत्रावर नुसत्या प्लेटलेट देणारे दोघं-तिघं त्यांच्यात असू देत, आणि त्यांचे फोन नंबर ब्लड बँकेच्या माणसाकडे आधीच देऊन ठेवा.